फलाट आणि डबा यांच्यामधलं वीतभर अंतर

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टहून स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नपर्यंत मोबिलिटी स्कूटर (फार चालता न येणाऱ्यांची, बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) घेऊन केलेल्या रेल्वेप्रवासाबद्दल मी या मासिकात दोन पानं लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी हे सदरच त्या प्रश्नांसाठी दिलं. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मला दोन वर्षांची असताना सांगलीत पोलिओ झाला. पुढे पुण्यात बँकेत नोकरी केली, संसार केला, सगळं पायाला आधाराचं कॅलिपर लावून आणि काठी धरून. चोपन्नाव्या वर्षापासून घडीची, चार चाकांची, बॅटरीवरची स्कूटर वापरते. मुलगी युट्रेख्टला असते. तिच्याकडे चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा युरोप पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून.

प्रश्न : ताई, आई ६८ वर्षांची आहे. संधिवातानं दोन्ही गुडघे गेलेत. घरात भिंतीला धरून चालते, बाहेर पडायचं तर स्कूटर. सप्टेंबरमध्ये आई, बायको आणि मी सोळा दिवस ॲम्स्टरडॅम, कोलोन आणि स्वित्झर्लंड असं जायचं म्हणतोय. सहलीच्या कंपनीनं स्कूटर बसमध्ये घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं. आपले आपण रेल्वेनं जावं का? आधी काय काय करून ठेवावं लागेल? *– एक वाचक, कोल्हापूर*

उत्तर : जा. आणि कंपनीनं नाही म्हटलं याचं वाईट वाटून घेऊ नका. बसपेक्षा रेल्वे तुमच्या आईला कितीतरी सोयीची आहे. डब्यात उठता येतं, पाय लांब करता येतात, स्वच्छतागृह तिथेच असतं.

पहिलं काम घरातच करायचं आहे. शिंप्याची टेप घ्या, आईला स्कूटरवर बसवा आणि मापं घ्या. रिकामी स्कूटर मोजू नका. बसलेल्या माणसाची पावलं पुढे येतात, कोपरं बाहेर येतात, मागे पिशवी लटकते. रुंदी, लांबी आणि वजन हे तीन आकडे कागदावर लिहा. युरोपात रेल्वेचे डबे आणि चढण्याची साधनं ज्या मापाची व्हीलचेअर धरून बनवतात ते माप ढोबळमानानं ७० सेंटिमीटर रुंद, १२० सेंटिमीटर लांब आणि बसलेल्या माणसासकट ३०० किलो असं आहे. स्कूटर या चौकटीत बसली तर बोलणी सोपी होतात. लांबी १२० च्या वर गेली तर मात्र बरेच ठिकाणी नकार येतो, कारण रॅम्पवरून आत गेल्यावर ती वळतच नाही. माझी स्कूटर ५३ रुंद आणि ९५ लांब आहे, तरी डब्यात शिरल्यावर मला दोनदा मागेपुढे करावं लागतं. व्हीलचेअर जागच्या जागी फिरते, स्कूटरला वळायला जास्त जागा लागते. काही कंपन्यांच्या लिफ्टची वजनाची मर्यादा ३०० पेक्षा कमी असते आणि काही ठिकाणी स्कूटरला व्हीलचेअरपेक्षा वेगळे नियम आहेत. म्हणून हे तीन आकडे प्रत्येक कंपनीला आधीच कळवायचे.

दुसरा प्रश्न आईलाच विचारा, आणि संध्याकाळी थकलेली असताना विचारा: दोन-तीन पायऱ्या चढता येतील का? सगळं नियोजन या उत्तरावर ठरतं. चढता येत असतील तर स्कूटरची घडी करून ती सामान म्हणून आत जाते आणि आई कुठल्याही दारानं, कुठल्याही आसनावर. चढता येत नसतील तर व्हीलचेअरची राखीव जागा आणि लिफ्ट किंवा रॅम्प मागवावा लागतो. भिंतीला धरून चालणारी व्यक्ती सकाळी पायऱ्या चढेलही. पण दिवसभर हिंडून, गाडी सुटायला चार मिनिटं असताना, मागे माणसं खोळंबलेली असताना? मी तुमच्या जागी असते तर मदत मागवण्याचाच मार्ग धरला असता. मदत मागवून ठेवली आणि लागली नाही तर काही बिघडत नाही.

फलाट आणि डबा यांच्यामधल्या त्या वीतभर अंतराला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. युरोपात फलाटाच्या प्रमाणित उंची दोन, ५५ आणि ७६ सेंटिमीटर. नेदरलँड्समध्ये ७६, स्वित्झर्लंडमध्ये ५५, जर्मनीत दोन्ही आणि शिवाय जुने, आणखी बुटके फलाटही. लहान अंतराच्या कितीतरी नव्या गाड्यांचं जोतं फलाटाच्या बरोबरीनं असतं, दारातून एक फळी आपोआप सरकत बाहेर येते आणि स्कूटर सरळ आत जाते. पहिल्यांदा कोणाच्याही हाताला हात न लावता मी अशी डब्यात गेले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यभर मला कोणीतरी उचलून गाडीत ठेवलं होतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना मात्र अजून पायऱ्या आहेत. तिथे स्टेशनचा कर्मचारी चाकांवरची लिफ्ट ढकलत आणतो, स्कूटरसकट तुम्हाला वर उचलतो आणि दारातून आत सोडतो. जर्मनीच्या आयसीई ४ आणि ऑस्ट्रियाच्या रेलजेटसारख्या गाड्यांमध्ये लिफ्ट डब्यातच बसवलेली असते.

ही मदत फुकट आहे आणि तो तुमच्या आईचा हक्क आहे. युरोपियन युनियनचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा कायदा ७ जून २०२३ पासून लागू आहे. त्याप्रमाणे साधारण २४ तास आधी कळवलं की मदत द्यावी लागते. काही देशांना थोड्या जास्त मुदतीची सवलत दिली होती. म्हणून मी सरसकट ४८ तास धरते, आणि परदेशात जाणाऱ्या गाडीसाठी आठवडा. एका प्रवासासाठी एकदाच कळवणं पुरेसं असावं असंही कायदा म्हणतो. युट्रेख्टहून कोलोन आणि कोलोनहून स्वित्झर्लंडमधलं बाझल असं एकाच तिकिटावर जाणार असाल तर एकाच खिडकीवर सगळं सांगा. तरी लेखी उत्तर घ्या आणि त्यात प्रत्येक बदलीचं स्टेशन लिहिलेलं आहे ना ते बघा. स्टेशनात किती आधी कुठे थांबायचं तेही त्यात असतं. वेळ दिलेली नसेल तर निदान अर्धा तास आधी पोचा. तिकीट काढण्याआधी मदत आणि राखीव जागा पक्की करा, कारण व्हीलचेअरच्या जागा गाडीत दोन-तीनच असतात. अनेक कंपन्यांत त्या नेहमीच्या ऑनलाइन आरक्षणात दिसतही नाहीत, फोन किंवा ईमेलवरच मिळतात.

शब्दाची एक अडचण आहे, तीही सांगून ठेवते. हॉलंडमध्ये ‘स्कूटमोबिल’ म्हटलं की लहान मुलालाही कळतं. जर्मनीत ‘ई-स्कूटर’ म्हणू नका. उभं राहून पळवायच्या दोन चाकांच्या स्कूटरलाही तिकडे तेच म्हणतात आणि बॅटरीला आग लागण्याच्या भीतीनं काही शहरांच्या बस-ट्राममध्ये त्यांना बंदी आहे. ‘एलेक्ट्रोमोबिल’ म्हणा, सोबत फोटो जोडा आणि आईला चालता येत नाही हे पहिल्याच ओळीत लिहा. मी ईमेलची सुरुवातच अशी करते: ही स्कूटर माझे पाय आहेत, सामान नव्हे.

बदलीला वेळ भरपूर ठेवा. वेळापत्रक आठ मिनिटांची बदली सुचवतं, मी चाळीस मिनिटांखाली घेत नाही. एका मोठ्या जंक्शनवर मला उतरवून घ्यायला कोणी आलंच नव्हतं. दार उघडलं, समोर फलाट रिकामा. मुलगी खाली उतरून धावत कोणाला तरी शोधायला निघाली, तेवढ्यात शिट्टी झाली आणि ती कशीबशी परत आत चढली. पुढचं स्टेशन चाळीस मिनिटांवर होतं. तिथल्या माणसांनी मात्र फार मायेनं उतरवलं, परतीच्या गाडीत बसवलं, पण अडीच तास गेले आणि रात्रीचं जेवण चुकलं. तेव्हापासून गाडीत बसल्या बसल्या मी तिकीट तपासनीसाला गाठते, कुठे उतरायचंय ते दाखवते आणि पुढच्या स्टेशनला फोन करायला सांगते. तो करतो. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी सामान आवरून दाराजवळ असते.

दुसरा धोका फलाटावरच्या लिफ्टचा. ‘आउसर बेट्रीब’ हे दोन जर्मन शब्द पाठ करा. म्हणजे लिफ्ट बंद आहे. जर्मन रेल्वेच्या स्टेशनांच्या संकेतस्थळावर कुठली लिफ्ट चालू, कुठली बंद हे दिसतं. निघण्याआधी सकाळी बघायची सवय ठेवा. लिफ्ट बंद असेल तर मदत केंद्राला लगेच कळवा. ते दुसऱ्या फलाटावरून किंवा पुढच्या स्टेशनवरून सोय करतात.

स्वित्झर्लंडची काळजी सगळ्यात कमी. तिथे २००४ साली कायदा लागू झाला की वीस वर्षांत, म्हणजे २०२३ च्या अखेरपर्यंत, सगळी सार्वजनिक वाहतूक अपंगांना वापरता आली पाहिजे. ती मुदत सगळ्या स्टेशनांना पाळता आली नाही, तरी जे झालंय ते बघून थक्क व्हायला होतं. वेळापत्रकात व्हीलचेअरच्या चिन्हावरून कळतं की आपलं आपण चढता येईल की मदत लागेल. ल्युसर्नला उतरलात की स्टेशनच्या दारातच सरोवर आहे आणि समोर बोटींचा धक्का. माझ्या मते तुम्ही मुक्काम तिथेच टाका आणि रोज गाव बदलू नका. सोळा दिवसांत तीन मुक्काम पुरे. प्रत्येक मुक्कामाची अदलाबदल म्हणजे चार लिफ्ट, दोन रॅम्प आणि आईची शक्ती.

प्रश्न : मावशी, बाबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. आता शंभर पावलं चालतात, मग थांबावं लागतं. भाऊ म्युनिकला आहे, तो स्कूटर भाड्यानं घेऊन ठेवतो म्हणतोय. पण बाबा म्हणतात, मी अपंग नाही, लोकांसमोर त्यावर बसणार नाही. काय सांगू त्यांना? *– एक वाचक, सातारा*

उत्तर : बाळा, त्यांना काही सांगू नकोस. आधी त्यांचं ऐकून घे. शंभर पावलं परत मिळवायला त्या माणसानं काय मेहनत केली असेल ते मला माहीत आहे. त्यांना वाटतंय की स्कूटरवर बसलो की ती पावलं हातची जातील.

माझंही असंच होतं. लहानपणी डॉक्टर, आई, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी एकच मंत्र दिला होता की चालत राहा, थांबू नकोस. पन्नाशीत उजव्या पायातली उरलीसुरली ताकद जायला लागली. पोलिओ होऊन गेलेल्या कित्येकांना तीस-चाळीस वर्षांनी नव्यानं अशक्तपणा येतो, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी स्नायूंना जास्त ताण दिला तर नुकसानच होतं. मला हे समजायला चार वर्षं लागली. मी हट्टानं चालत राहिले, दोनदा पडले, एकदा मनगट मोडलं. बाबांचा आजार वेगळा आहे आणि त्यांनी किती चालायचं हे त्यांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच सांगतील. मी तुला फक्त स्कूटरवर बसल्यावर काय झालं ते सांगते. माझी ताकद वाचली आणि ती मला हव्या त्या ठिकाणी खर्च करता आली. संग्रहालयाच्या दारापर्यंत स्कूटर, आत चित्रांसमोर माझी माझी उभी. पूर्वी दारापर्यंत पोचेतोच संपलेली असायचे.

बाबांना असं विचारून बघ: ही शंभर पावलं कुठे टाकायची, स्टेशनच्या बोळात की आल्प्ससमोर? आणि भाड्याची स्कूटर पहिल्या दिवशी भावाच्या घराजवळच्या बागेत फक्त त्यांना एकट्याला चालवू दे. तुम्ही कोणी बरोबर जाऊ नका, फोटो काढू नका. मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या यजमानांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्या मनात प्रेमच होतं, पण मला ते फार टोचलं. तिकडे रस्त्यावर स्कूटरवरचे आजीआजोबा इतके असतात की कोणी वळून बघत नाही. ते त्यांना तिथे गेल्यावर दिसेलच, तू सांगू नकोस.

एक व्यवहाराची गोष्ट. पक्षाघातानंतर एका बाजूची नजर किंवा हाताची पकड कमी असेल तर स्कूटर चालवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. बऱ्याच स्कूटरमध्ये वेगाची कळ उजव्या हाताला असते. भाड्यानं घेताना डावीकडे करून मिळते का ते भावाला विचारायला सांग.

प्रश्न : युरोपात न्यायला कुठल्या प्रकारची स्कूटर घ्यावी? तीन चाकी की चार? विमानात बॅटरी अडवतात असं ऐकलं. *– एक वाचक, ठाणे*

उत्तर : कंपनी सुचवणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

आधी बॅटरी. विमानवाले बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये विचारतात. व्होल्टला ॲम्पिअर-अवरनं गुणलं की तो आकडा मिळतो. माझी २४ व्होल्ट, १० ॲम्पिअर-अवर, म्हणजे २४० वॅट-अवर. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर ती एक असल्यास ३०० वॅट-अवरपर्यंत आणि दोन असल्यास प्रत्येकी १६० पर्यंत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बॅटरी काढून, टोकं झाकून, केबिनमध्ये बरोबर घ्यायची असते, स्कूटर खाली सामानात जाते. हा आकडा बॅटरीवर छापलेला असला पाहिजे. विकत घेताना तोच आधी बघा. दुकानदार ‘चालतं हो, नेतात लोक’ म्हणेल, त्यावर जाऊ नका. मी बॅटरीच्या लेबलचा फोटो आणि कंपनीचं माहितीपत्रक तिकीट काढल्या दिवशीच विमान कंपनीला पाठवते आणि त्यांच्या होकाराची छापील प्रत विमानतळावर हातात ठेवते. मुंबईला खिडकीवरच्या मुलीनं एकदा वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी तो कागद वाचला आणि पाच मिनिटांत विषय संपला. स्कूटर विमानाच्या दारापर्यंत न्यायची आणि उतरताना दारातच परत मागायची. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर मुळीच मिळत नाही.

आता चाकं. तीन चाकी डब्यात आणि हॉटेलच्या लिफ्टमध्ये छान वळते. चार चाकी उतारावर आणि दगडी रस्त्यावर स्थिर असते. मी चार चाकी घेतली आणि माझा सल्लाही तोच. त्याला एक जर्मन कारणही आहे. तिथे २०१७ मध्ये शहरी बससाठी नियम ठरले, त्यात चार चाकांची, १२० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि माणसासकट ३०० किलोपर्यंतची स्कूटरच बसते, तीन चाकी नाही. त्या नियमाला तिथल्या अपंगत्वाच्या ओळखपत्राची अट आहे, त्यामुळे पाहुण्यानं त्या बसच्या भरवशावर राहू नये. पण ड्रायव्हर कुठल्या स्कूटरकडे बघून मान हलवतो ते त्यावरून कळतं.

टायर भरीव घ्या. पंक्चरची चिंता नको. दगडी गल्लीत हाडं खिळखिळी होतात हे खरं, पण परक्या गावात रविवारी पंक्चर काढणारा शोधण्यापेक्षा ते बरं. कंपनीनं पंधरा किलोमीटर सांगितले तर दगडी रस्ता, चढ आणि थंडी धरून दहाच माना.

चार्जर २३० व्होल्टचाच चालतो, आपल्याकडे तोच दाब आहे. पिन मात्र वेगळ्या. आपली तीन गोल पिनांची तिकडे चालत नाही. जर्मनी-हॉलंडची जाड गोल प्लगची पिन स्वित्झर्लंडच्या सॉकेटमध्ये शिरत नाही, दोन बारीक पिनांची चपटी शिरते. बाझलला रात्री दहा वाजता मला हे समजलं आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या काकूंनी स्वतःच्या टेबल-लॅम्पचा ॲडॉप्टर काढून दिला. तुम्ही दोन्ही प्रकार पुण्या-मुंबईतूनच घेऊन जा.

प्रश्न : पॅरिस करावं का? *– एक वाचक, नागपूर*

उत्तर : करा, पण मेट्रोचा विचार सोडून. सबंध जुन्या मेट्रोत पायऱ्याच पायऱ्या आहेत. पूर्णपणे लिफ्टनं जाता येईल अशी म्हणून १४ नंबरची मार्गिकाच भरवशाची. शहरातल्या बसला रॅम्प असतो, बसनं शहर दिसतंही जास्त. लांब पल्ल्याच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत व्हीलचेअरची जागा पहिल्या वर्गाच्या डब्यात असते आणि भाडं दुसऱ्या वर्गाचं लागतं. स्कूटरवरून न उतरता ती जागा वापरायची असेल तर मापं पाठवून आधी लेखी होकार घ्या.

प्रश्न : हे विचारायला संकोच वाटतो. मी ५९ वर्षांची, मला वरचेवर स्वच्छतागृह लागतं. त्या भीतीनं मी प्रवासच करत नाही, गाडीत तर पाणीही पीत नाही. *– एक वाचक, रत्नागिरी*

उत्तर : संकोच करू नका. मला आलेल्या पत्रांत सात बायकांनी हेच विचारलंय आणि सातही जणींनी नाव छापू नका म्हटलंय. बँकेत असताना मीही सकाळी चहा घेऊन संध्याकाळपर्यंत कोरडी राहायचे, कारण स्वच्छतागृह जिन्यावर होतं. त्याची फळं मूत्रमार्गाच्या आजारानं भोगली. पाणी सोडू नका.

रेल्वेत व्हीलचेअरच्या राखीव जागेला लागूनच मोठं स्वच्छतागृह असतं, हे ती जागा घेण्याचं माझ्या दृष्टीनं पहिलं कारण. आत स्कूटर नेता येते, धरायला दांडे असतात, दार बटणानं उघडतं. आत गेल्यावर कुलपाचं बटण वेगळं असतं, ते दाबायला विसरू नका. गाडीत चढताना कर्मचाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ते चालू आहे ना? बंद असेल तर तिथेच दुसरी गाडी मागा. लांबच्या प्रवासाला मी तर मागतेच.

बाहेरच्या स्वच्छतागृहांसाठी ‘युरो-की’ नावाची किल्ली आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये अपंगांच्या हजारो स्वच्छतागृहांना एकच कुलूप आहे आणि ते या एका किल्लीनं उघडतं. ही कल्पना डार्मस्टाटमधल्या अपंगांच्या एका संघटनेनं १९८० च्या दशकात सुरू केली. अपंगत्वाचा पुरावा दिला की किल्ली विकत मिळते. आपल्या सरकारी प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर जवळ ठेवा. माझी किल्ली मंगळसूत्राइतकीच जवळ असते. त्या कुलपामुळे आतली जागा स्वच्छ राहते, ते पाहिलं की आपल्या स्टेशनांवरच्या कायम बंद असलेल्या, फिनेलच्या बादल्या ठेवलेल्या ‘दिव्यांग प्रसाधनगृहा’ची आठवण येऊन जीव तुटतो. पुण्यात मी याबद्दल तीन अर्ज दिलेत, चौथा देणार आहे. तुम्ही रत्नागिरीत द्या.

प्रश्न : कायदा तुम्ही सांगितलात, पण स्कूटरच मोडली तर? *– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

उत्तर : रेल्वेच्या माणसांच्या हातून मोडली किंवा हरवली तर दुरुस्तीचा किंवा नव्या स्कूटरचा खर्च त्यांनी द्यायचा आणि तोवर पर्यायी साधनासाठी धडपड करायची, असं त्याच कायद्यात आहे. गाडी ६० मिनिटांपेक्षा जास्त उशिरा पोचली तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांच्या पुढे ५० टक्के परत मागता येतात. चढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. तक्रार त्याच स्टेशनवर, त्याच दिवशी. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा विमा काढावाच लागतो, पण तो आजारपणाचा असतो, त्यात स्कूटर येत नाही. तिच्यासाठी वेगळं विचारा.

प्रश्न : ताई, तब्येत आणि पैसे दोन्ही बेताचेच. एकच रेल्वेप्रवास करायचा झाला तर कुठला? *– एक वाचक, बेळगाव*

उत्तर : कोलोन ते माइन्झ, ऱ्हाइनच्या काठानं. पण तिकीट काढताना ‘कोब्लेन्झमार्गे’ असं नक्की सांगा. नाहीतर २००२ साली सुरू झालेल्या वेगवान मार्गाची गाडी देतात. ती बोगद्यांतून सुसाट जाते आणि नदी दिसतच नाही. कोलोनला स्टेशनबाहेर पडल्या पडल्या कॅथेड्रल समोर उभं असतं, वेळ असेल तर तासभर तिथे काढा.

कोब्लेन्झ सुटलं की नदी अगदी रुळांच्या शेजारी येते. दक्षिणेकडे जाताना ती डाव्या हाताला असते, म्हणून जागा पक्की करताना राखीव जागेची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारा. उजवीकडे असेल तर माझ्यासारखं स्कूटर बंद करून, ब्रेक लावून, डाव्या बाजूच्या आसनावर सरकून बसा. बोपार्ड येतं, द्राक्षांचे मळे इतक्या उभ्या उतारावर की आपल्याकडच्या वरकस जमिनीची आठवण यावी. सांक्ट गोआर गेलं की लगेच पलीकडच्या काठावर लोरेलाय नावाचा कडा, १३२ मीटर उंच. तेव्हा पिशवीत हात घालून काही शोधत बसू नका, कारण लागोपाठ बोगदे येतात आणि तो जातो. बोगदे संपून ओबरवेझल मागे पडलं की नदीच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी असलेला एक पांढरा लहानसा किल्ला दिसतो. काऊब गावाचा. पूर्वी तिथे येणाऱ्याजाणाऱ्या बोटींकडून जकात घेत.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा समोरच्या आसनावर एक वृद्ध जर्मन बाई होत्या. त्यांचीही स्कूटर माझ्या स्कूटरशेजारी लावलेली होती. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. त्यांनी किल्ल्याकडे बोट केलं, मी मान डोलावली. मग त्यांनी माझ्या स्कूटरच्या हँडलला लावलेल्या पितळी घंटीकडे बोट केलं. ती मी सांगलीच्या गणपती पेठेतून घेतली होती. मी ती वाजवून दाखवली आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाजवायला लावली.